यरीहोची वाट आणि आमची सबब

कोल्हापूरहून वेलांकनीपर्यंत आम्ही एकटेच मोटार चालवीत गेलो. कागल ओलांडले की कर्नाटक लागते. मग बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करीत बेंगळुरू, आणि होसूरवरून तामिळनाडू. हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता. पाट्यांवरची लिपी दोनदा बदलली, जेवणाची चव बदलली. पण एक गोष्ट तिन्ही राज्यांत सारखीच आढळली. पडलेल्या माणसाजवळ गाडीचा वेग मंदावतो, काच खाली येते, आणि काच पुन्हा वर जाते.

चित्रदुर्गाच्या अलीकडे दुभाजकाशी एक मोटारसायकल आडवी पडली होती. शेजारी माणूस. आमच्या पुढच्या सहा-सात गाड्या निघून गेल्या. आम्हीही गेलो. आरशाखाली जपमाळ लोंबत होती, तिच्याकडे आमचे लक्ष बरेच पुढे गेल्यावर गेले. परत फिरून पोहोचलो, तेव्हा एक ट्रकचालक व त्याचा क्लीनर जखमीला रुग्णवाहिकेत चढवीत होते. चालकाने कॅनमधल्या पाण्याने हात धुतले आणि आमच्याकडे न पाहताच ट्रक सुरू केला.

घरी आल्यावर धर्मग्रामातील मंडळींपुढे हे बोललो. उत्तर ठरलेले होते : ‘पोलिसांचे लचांड कोण मागे लावून घेणार?’

ही सबब एके काळी खरी होती. आज ती शिळी झाली आहे. मदत करणाऱ्याला छळू नये, ही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला पोहोचविणाऱ्याने आपले नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे असे नाही. साक्षीदार होण्याची सक्ती नाही. आणि या कायद्यातील मदतनिसाला शब्द कोणता योजला आहे? ‘गुड समॅरिटन’! संसदेने लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी कायद्यात नेऊन बसविला, आणि दर वर्षी त्याच्यावरचे प्रवचन ऐकणाऱ्या आम्हांला त्याचा पत्ता नाही!

सरकारला माणुसकीवर बक्षीसही लावावे लागले : २०२१ साली पाच हजार रुपये, पुढे पंचवीस हजार. आम्हांला याची लाज वाटते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतली किती वेळेवर मदत मिळती तर वाचती, याचा विचार झोप उडविणारा आहे.

कोल्हापूरकराला रस्त्यावरचा हक्क शिकवावा लागत नाही. शहरातला टोल त्याने २०१५ साली झगडून घालविला. मग कर्तव्याच्या वेळीच आम्हांला कायदा का आठवतो, आणि तोही रद्दीतला?

गाडीत मुलेबाळे आहेत, धीर होत नाही, असे कुणी म्हणेल. ते आम्ही समजू शकतो. पण १०८ हा आकडा फिरवायला कितीसा धीर लागतो? तो तिन्ही राज्यांत एकच आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. आमच्या यात्रांच्या पत्रकांत मिस्साची वेळ असते, न्याहरीचे ठिकाण असते, उशीर करणाऱ्यांस तंबीही असते. हे दोन आकडे मात्र आम्ही आजवर एकाही पत्रकात पाहिले नाहीत. सप्टेंबरच्या यात्रेची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी संयोजकांनी ते त्यांत घालावेत, आणि बसमध्ये जपमाळेआधी मोठ्याने वाचून दाखवावेत.