विश्लेषण : भाताच्या वाणाला सात वर्षे, संशोधकाला दोनच! वनस्पती जैवतंत्रज्ञानातील ‘पोस्टडॉक’चे गणित कुठे चुकते?

वनस्पती जैवतंत्रज्ञानात पीएचडी हवी, क्रिस्पर आणि टिश्यू कल्चरचा अनुभव हवा, सिंथेटिक बायोलॉजीची जाण हवी; नेमणूक मात्र पूर्णतः तात्पुरती, कालावधी एक वर्ष, काम समाधानकारक असल्यास मुदतवाढ. अशा आशयाच्या जाहिराती संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर नेहमी दिसतात. अपेक्षांची यादी लांब आणि मुदत आखूड. इतर विषयांत हे कदाचित निभावून जाते. पण ज्याचा प्रयोगच मातीत उगवतो, त्याचे काय?

पोस्टडॉक म्हणजे नेमके कोण?

पीएचडी झालेला, पण कायम नोकरी न मिळालेला संशोधक. तो विद्यार्थी नसतो आणि प्राध्यापकही नसतो. प्रयोगशाळेतील सर्वात अवघड प्रयोग बहुतेक वेळा त्याच्याच हाती असतात. केंद्राच्या सुधारित दरांनुसार १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटला श्रेणीनुसार दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची मुदत दोन वर्षे आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ आहे. म्हणजे घर, लग्न, मुले, आईवडिलांचे आजारपण हे सगळे ज्या वयात समोर येते, त्याच वयात दर एक-दोन वर्षांनी नवे शहर आणि नवा करार.

सिंथेटिक बायोलॉजीत वेगळे काय?

पारंपरिक जैवतंत्रज्ञानात प्रामुख्याने एखाददुसरे जनुक वनस्पतीत घातले जाते. सिंथेटिक बायोलॉजीत जनुकांची अख्खी साखळी आराखडा करून जुळवली जाते. आपल्या अंगणातली सदाफुली हे त्याचे उत्तम उदाहरण. कर्करोगावरील व्हिन्ब्लास्टिन हे औषध तिच्यातून मिळते, पण पानांत ते अत्यल्प असते. १९५० च्या दशकात कॅनडात त्याचा शोध लागला. मात्र वनस्पती ते कसे बनवते, या साखळीतले हरवलेले दुवे इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इन्स सेंटरच्या गटाने प्रसिद्ध केले ते २०१८ मध्ये. त्यानंतर २०२२ मध्ये वनस्पतींतील ३४ जनुके यीस्टमध्ये बसवून या औषधाचे दोन मूळ घटक तयार करण्यात आले. त्यासाठी यीस्टच्या जनुकसंचात ५६ बदल करावे लागले. साखळी उलगडायला सहा दशके लागली. ती यीस्टमध्ये चालवून दाखवायला त्यानंतर चारच वर्षे!

झाडावर प्रयोग करायला इतका वेळ का?

यीस्टची पिढी काही तासांत बदलते, भाताची काही महिन्यांत. आधी दाण्यापासून कॅलस, म्हणजे पेशींचा गोळा, वाढवायचा. ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत त्यात हवा तो डीएनए पोहोचवायचा. ज्या पेशींत तो गेला त्या निवडायच्या, त्यांपासून रोपे करायची, हरितगृहात जगवायची आणि दाणा भरेपर्यंत थांबायचे. एवढ्यात वर्षाचा मोठा भाग संपतो. जनुक संपादन असेल तर कात्रीचे काम करणारा बाहेरचा डीएनए पुढच्या पिढीत निघून गेला का, हे तपासावे लागते. बदल टिकतो का, हे पाहायला आणखी एखादी पिढी. बुरशी लागली किंवा हरितगृहाची वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या पिढीचे बी हाती येण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज भरायची वेळ येते.

भारतासाठी हा प्रश्न आताच का?

कारण धोरणाने दार उघडले आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना जीएम पिकांसाठीच्या कठोर नियमांतून सूट दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनाला चालना देणारे ‘बायोई३’ धोरण मंजूर झाले. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले. त्यातला डीआरआर धान १०० हा सांबा मसुरीवर, तर पुसा डीएसटी राईस १ हा एमटीयू १०१० वर बेतलेला. पहिला वाण मूळ वाणापेक्षा सुमारे २० दिवस आधी तयार होतो, असे परिषदेचे म्हणणे आहे. या वाणांवरचे काम सुरू झाले होते २०१८ मध्ये. म्हणजे सात वर्षे. राष्ट्रीय फेलोशिपवरचा पोस्टडॉक तेवढ्या काळात तीनदा बदलून चौथा आला असता.

आखूड कराराने बिघडते काय?

प्रश्न निवडण्यापासूनच बिघाड सुरू होतो. दोन वर्षांत शोधनिबंध हवा असेल, तर शहाणा संशोधक ज्वारी, तूर किंवा हरभऱ्याला हात लावणार नाही. दोनेक महिन्यांत बी देणारी अराबिडोप्सिस किंवा पानात जनुक टोचून आठवड्याभरात निकाल देणारी तंबाखूवर्गीय वनस्पती तो निवडेल. विज्ञान म्हणून ते चोखच, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न तसाच राहतो. दुसरे नुकसान हाताच्या कौशल्याचे. टिश्यू कल्चर वहीतल्या कृतीवरून पूर्ण शिकता येत नाही. माणूस गेला की त्याचा हातही जातो आणि फ्रीजमध्ये उरतात चिठ्ठ्या लावलेली पाकिटे.

करार लांबवले तर ढिलाई येईल, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येकाला कायम करणे संस्थांना शक्य नाही, हेही खरे. पण कायम नोकरी आणि एक वर्षाचा कागद यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. काम पडताळायचे तर आधी ते दिसण्याएवढे वाढू तरी द्यायला हवे.

मग करायला काय हवे?

पिकांवरच्या कामासाठी पहिली नेमणूक तीन वर्षांची असावी आणि कठोर परीक्षणानंतर आणखी दोन वर्षे मिळावीत. विद्यावेतन दरमहा ठरल्या तारखेला व्हावे. ते रखडणे ही संशोधकांची जुनी तक्रार आहे. प्रत्येक मोठ्या वनस्पती प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर आणि हरितगृह सांभाळणारी कायम तज्ज्ञाची जागा हवी. मूल्यमापनात शोधनिबंधांबरोबर तयार झालेले बियाणे आणि दुसऱ्यांना वापरता येणारी पद्धतही मोजली जावी.

सातत्याने काय साधते, हे पुण्याने पाहिले आहे. निसर्गात फुलायला अनेक वर्षे, काही जातींना तर दशके घेणारा बांबू राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गटाने टिश्यू कल्चरमध्ये फुलवला आणि १९९० मध्ये ‘नेचर’ने त्यांचा शोधनिबंध छापला. त्यामागे या तंत्रात मुरलेले हात होते.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी २०२३ ते २०२८ या काळात ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला आहे. त्यातून यंत्रे येतील, इमारतीही उभ्या राहतील. पण ज्वारीचे तिसऱ्या पिढीचे बी मोजायला तोच संशोधक प्रयोगशाळेत असेल का, याचे उत्तर यंत्रांच्या निविदेत नसते. ते त्याच्या नेमणूकपत्रातील मुदतीच्या रकान्यात असते.