हळद, डाळमिल आणि जाणकाराची कसोटी

वऱ्हाडात वावरात काम करताना विळा लागला, की जखमेवर चिमूटभर हळद दाबली जाते. अमरावती-अकोल्याकडील घरांत हे कुणाला शिकवावे लागत नाही. तरीही जखमेवरील याच उपचाराचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला बहाल झाले! संशोधक भारतीय वंशाचे होते, हे विशेष.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. घरोघरची प्रथा सांगून भागणार नव्हते. परदेशातील नुसता वापर तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला ग्राह्यच नव्हता. छापील पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. आजीबाईचा बटवा जिंकला खरा, पण कागदाच्या बळावर.

या विजयाचा अभिमान रास्तच आहे. मात्र 'सोपे दिसते ते पेटंटयोग्य नव्हे' हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष उथळ होय. अर्जाच्या दिवशी त्या विषयातील सामान्य जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती काय, एवढेच कायदा विचारतो. उत्तर ठाऊक झाल्यावर कोडे कुणालाही सोपे वाटते. अकोल्याच्या डाळमिलमध्ये एक जादा चाळणी बसविणे कोणत्याही फिटरला सुचेल. तो शोध नव्हे. पण एखाद्या क्षुल्लक फेरबदलाने डाळीची चुरी अनपेक्षितरीत्या घटली आणि वर्षानुवर्षे यंत्र हाताळणाऱ्यांपैकी कुणालाही तो सुचला नव्हता, तर तो साधा दिसूनही शोधच ठरू शकतो. भांडी लेथवर पकडून ठेवण्याच्या एका साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अमान्य केले, ते त्यात नावीन्य नाही आणि शोधकल्पकताही नाही म्हणून. तेथे वाद देशी उत्पादकांतलाच होता. परक्यांच्या अर्जाला एक मोजपट्टी आणि स्वकीयांच्या अर्जाला दुसरी, असे चालत नाही.

पारंपरिक ज्ञानावर पेटंट देण्यास भारतीय कायद्याने २००२ च्या दुरुस्तीने मनाई केली. स्थानिक समाजाचे मौखिक ज्ञानही आज हरकतीचा आधार होऊ शकते, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती अशी हरकत घेऊ शकते. अमरावतीच्या वैद्याला किंवा अकोल्याच्या फिटरला त्यासाठी पेटंट कार्यालयाकडे लेखी निवेदन आणि पुरावा पाठवावा लागतो.