समुद्र कोणाचा?



आपल्या घरातून मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की आईबापांचे पहिले सांगणे असते, "अभ्यास सोडून इकडेतिकडे फिरू नकोस." पैसा कसा उभा केला ते त्यांनाच ठाऊक असते, तेव्हा त्यांचे काही चुकते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमच्या परिचयातील एका बौद्ध कुटुंबातील मुलगी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला शिकते. तिने सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर वर्गणी काढून गाडी केली, तेथील समुद्रकिनारा पाहिला व घरच्यांना सविस्तर लिहून पाठविले. ते वाचून फिरणे हाही अभ्यासच आहे, असे आमचे मत झाले.

केपटाऊनच्या दक्षिणेला जमिनीची एक लांब पट्टी समुद्रात शिरली आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. वाटेत हाऊट बे हे मासेमारीचे बंदर लागते. तेथून पुढे चॅपमन्स पीक नावाचा सुमारे ९ किलोमीटरचा रस्ता डोंगराच्या कड्यात कोरला आहे. त्याला ११४ वळणे आहेत. डोक्यावर कडा आणि पायाखाली अटलांटिक महासागर! हा रस्ता १९१५ ते १९२२ या काळात झाला आणि त्यासाठी कैद्यांना राबविले गेले. घाटरस्त्याची शोभा पाहताना तो कोणाच्या हातांनी झाला, हे विचारायची सवय कष्टकऱ्यांच्या लेकरांना असलीच पाहिजे.

पट्टीच्या टोकाला केप पॉइंट आहे. याच बाजूने वळसा घालून वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. येथे १८६० साली दीपगृह सुरू झाले. ते इतक्या उंचावर बांधले की धुक्यात आणि ढगांत त्याचा दिवा दिसेना. १९११ साली 'लुसिटानिया' हे पोर्तुगीज जहाज येथे खडकावर आपटले. मग दुसरे दीपगृह बरेच खाली बांधले व ते १९१९ साली सुरू झाले. मुलीने लिहिले आहे, "दिवा फार उंच गेला की खालच्यांच्या उपयोगी पडत नाही." शिकून साहेब झालेल्या आपल्या बांधवांनी या वाक्यावर जरूर विचार करावा.

परतीच्या वाटेवर सायमन्स टाऊन हे नौदलाचे गाव आहे. तेथे बोल्डर्स नावाच्या किनाऱ्यावर मोठमोठ्या खडकांमधून पेंग्विन पक्षी डुलत चालतात. उंची जेमतेम दोन फूट. १९८२ साली पहिली जोडी तेथे येऊन राहिली आणि वसाहत वाढली. आता मात्र ही जात नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. २०२४ साली तिची नोंद अतिधोक्यातील जातींमध्ये झाली.

पेंग्विनची जोडी आली त्या वेळी याच गावात काळ्या माणसाला घर करून राहण्याची मुभा नव्हती. १९६७ साली वर्णभेदी सरकारने सायमन्स टाऊन हा गोऱ्यांचा विभाग ठरविला. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोरेतर कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांतील अनेकांना एका नव्या वसाहतीत नेऊन टाकले. तिचे नाव ओशन व्ह्यू, म्हणजे सागरदर्शन! वसाहत मात्र समुद्रापासून आत. ज्यांचा समुद्र हिरावला, त्यांना फक्त त्याचे नाव दिले.

किनाऱ्यांवरही 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वेगळ्या केल्या आणि त्या सारख्या दर्जाच्या नसल्या तरी चालतील, असेही त्यात लिहिले होते. ऑगस्ट १९८९ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू व हजारो कार्यकर्ते केपटाऊनजवळच्या राखीव किनाऱ्यांकडे निघाले. पोलिसांनी कुत्रे व चाबूक घेऊन लोकांना हुसकले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व किनारे खुले झाले आणि १९९० साली तो कायदाच रद्द झाला.

वाचकहो, हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. त्यानंतरही कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली. समुद्र असो की तळे, निसर्गाने कोणाला अडविले नव्हते. अडविले माणसांनी.

आणि पाटी काढली म्हणजे सगळे संपते असेही नाही. किनाऱ्यावरून हुसकलेल्यांची नातवंडे आजही बहुतांशी त्या दूरच्या वस्त्यांतच राहतात. समुद्रावर यायचे तर गाडीभाडे लागते आणि खाडा करावा लागतो. हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्यातील कितीतरी खेडुतांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. ऐपत असेल तेवढे मुलांना फिरू द्या, मुलींनाही. परदेश नसेल तर महाड आहे, वेरूळ आहे, कार्ल्याची लेणी आहेत. शिदोरी बांधून एस.टी.ने जा. मात्र जाताना दोन प्रश्न बरोबर द्या: हे बांधले कोणी, आणि येथून कोणाला हाकलले? त्या मुलीने हेच दोन प्रश्न विचारले, म्हणून एका दिवसाच्या सहलीत तिला एवढे दिसले.

जय भीम!