घरच्या खिम्याचा हिशेब

मटणाचा दर चढला की नांदेड-लातूरकडच्या खवय्यांच्या घरात एक बेत शिजू लागतो: खिमा विकत कशाला, घरीच करू. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, दांडा फिरवायचं लोखंडी यंत्र डोळ्यांसमोर येतं. उस्मानाबादी ही मटणासाठी नावाजलेली काळी शेळी याच पट्ट्यातली, तरी मटण काही स्वस्त नाही. त्यामुळे बेत चुकीचा म्हणता येत नाही. हिशेब मात्र आधी करावा.

इथला खाटीक सांगाल तो तुकडा समोर कापतो आणि लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने बारीक करून देतो. त्या मेहनतीचे वेगळे पैसे बहुधा लागतच नाहीत. मग वाचणार काय?

सगळा खेळ हाडांचा आहे. शेळीच्या मटणात साधारण पाव हिस्सा हाड. हाडासकट मटण ८०० रुपये किलो धरलं, तर हाती पाऊण किलो मांस येतं. म्हणजे बिनहाडाचा खिमा घरी १,०६७ रुपये किलोने पडला. दुकानात तोच १,००० ला मिळत असेल तर घरी दांडा फिरवून तोटाच! अन् ९०० लाच मिळत असेल, तर त्यात चरबी आणि पडदे किती घातलेत, हे विचारायला हवं. अर्थात हाडं फेकून कोण देतं? येसर लावून त्यांचा रस्सा केला, की भाकरीबरोबर आणखी एक जेवण निघतं. खरी बचत तिथं आहे, यंत्रात नाही.

शिवाय खिमा नाजूक. अखंड तुकड्याच्या वरवर असलेले जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून तो फ्रिजमध्ये ४ अंशांखाली ठेवूनही एक-दोन दिवसांतच संपवावा आणि नीट शिजवावा. उन्हाळ्यात वीज गेली की तेवढाही भरवसा नाही. यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून गरम पाण्याने धुवावा लागतो तो वेगळाच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हा खर्च फुकटातला वाटणार नाही.

आठवड्याला अर्धा किलो आणणाऱ्याने यंत्राच्या फंदात पडू नये. तुकडा आपण निवडावा, खिमा समोर करून घ्यावा, हाडं मागून आणावीत.

मटण एकदम घरात येतं तेव्हा गोष्ट वेगळी. गावात चार-सहा घरं मिळून बकरं कापतात आणि वाटे घालतात, दर्ग्यावर कंदुरी होते, बकरी ईदला कुर्बानीच्या तीन हिश्श्यांतला एक घरी राहतो. ईदच्या दिवशी खाटकाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पाच किलो मांस सुरीने कुटायला घरात कुणी तयार नसतं. अशा घरी यंत्र जरूर असावं.