दोन डोंगर, मधोमध सूर्य

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी पोराला कागद-पेन्सिल द्या आणि 'निसर्गचित्र काढ' म्हणा. पाच मिनिटांत दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठाला एक घर, घराशेजारी नारळाचं झाड, आणि आकाशात 'बरोबर'च्या खुणेसारखे चार पक्षी. कोल्हापूर असो, चंद्रपूर असो, चित्र तेच.

आमच्या मेढ्यातही तेच. आणि मेढ्यात ते बघून मला जरा जास्तच गंमत वाटते, कारण मेढ्याला त्रिकोणी डोंगर शोधावेच लागतील! साताऱ्याहून मेढा-केळघर करत महाबळेश्वरला गेला असाल तर आठवेल, वेण्णेच्या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना जे डोंगर दिसतात त्यातल्या बहुतेकांची डोकी सुरीने कापल्यासारखी सपाट आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, मग पावसाने ते कोरले. म्हणून अंगाला पायऱ्या-पायऱ्या, आणि कास किंवा महाबळेश्वरसारख्या पठारांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी. नारळाच्या बागा बघायच्या तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. तरीही वर्गात बसलेलं पोरगं खिडकीबाहेर न बघता त्रिकोण आणि नारळ काढतं. एका शेजारच्या पोराला तर मी सपाट आलेलं डोंगराचं टोक रबराने खोडून टोकदार करताना बघितलंय. 'असं का रे?' म्हटलं तर म्हणाला, "डोंगर असाच असतोय, दादा."

हा जो 'असाच असतोय' आहे ना, तो माझा आजचा विषय.

गेल्या काही वर्षांत पुण्या-बंगलोरच्या नोकरदार मंडळींत 'आर्ट जर्नलिंग' हा प्रकार बराच बोकाळलाय. म्हणजे एक वही करायची, तिच्यात चित्रं, शब्द, डकवलेली बसची तिकिटं, चहाचे डाग, रंगांचे फराटे, जे वाटेल ते एकत्र नांदवायचं. चुकलं तर चुकू द्यायचं. हेतू हा की आपल्या डोक्यात बसलेला जो एक खडूस परीक्षक आहे, त्याचा आवाज थोडा कमी व्हावा. कल्पना मला मनापासून पटते. पण ती ज्या पद्धतीने विकली जाते, ते बिलकुल पटत नाही. दोन-दोन हजारांची जाड कागदाची वही, परदेशी चिकटपट्ट्या, चोवीस रंगांची पेनं, वीकएंडची फी भरून कार्यशाळा, आणि संध्याकाळी त्या 'मुक्त' पानाचा फोटो इन्स्टाग्रामवर. दोन हजारांच्या वहीत कोण चुकायला धजावेल? आणि जे पान चारशे लोकांना दाखवायचंय, त्यावर परीक्षक एकटा कुठे राहिला? आता त्याचं मंडळच झालं की.

आपल्याकडे हा परीक्षक येतो कुठून, ते शोधायला फार लांब जायला नको. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा आपल्यापैकी किती तरी जणांनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. शेवटी ए, बी किंवा सी. या परीक्षा वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. छायाप्रकाश म्हणजे काय, लंबवर्तुळ कसं काढायचं, हे अर्ध्या महाराष्ट्राला त्यांच्यामुळेच कळलं. पण पेपर देऊन झाला की परीक्षक घरी जात नाही, तो आत मुक्कामालाच राहतो. वीस वर्षांनी ऑफिसच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये तुम्ही वहीच्या कोपऱ्यात मांजर काढायला घेता, तेव्हा पहिल्या रेघेलाच तो म्हणतो, 'सी ग्रेड.' मग आपण त्या मांजरावर गिरगटून टाकतो आणि मिनिट्स लिहायला लागतो. 'मला चित्र काढता येत नाही' असं म्हणणाऱ्या बहुतेक लोकांना खरं तर काढताना कुणी बघितलेलं आवडत नाही, आणि त्या बघणाऱ्यांत ते स्वतःही आले.

याचा सगळ्यात चांगला पुरावा माझ्या घरात आहे. माझी आत्या गेली चाळीसेक वर्षं रोज पहाटे सडा घालून दारात रांगोळी काढते. ठिपके न मोजता, कशाचाही आधार न घेता, चिमटीतून शिरगोळ्याची रांगोळी सोडत. रबर नाही, पेन्सिलची कच्ची रेघ नाही. हात चुकतो की! चुकला तर ती बोटाने तेवढंच पुसते, नाहीतर चुकलेल्या रेघेला दुसऱ्या बाजूने तशीच एक रेघ जोडून त्याची पाकळी करून टाकते. दुपारपर्यंत पोरं, कुत्री आणि स्कूटर मिळून तिचं काम संपवतात. दुसऱ्या दिवशी नवीन. आता याच बाईसमोर एकदा मी कागद आणि स्केचपेन ठेवलं. म्हटलं, आत्या, तू इथे काढ ना काहीतरी. तिने हातच मागे घेतला. "मला कुठलं येतंय चित्र? ते शिकलेल्या माणसांचं काम."

कागद राहतो. कागद लोक बघतात. कागदाला मार्क असतात. हात तोच, बोटं तीच, फक्त जमिनीऐवजी कागद आला आणि आत परीक्षक जागा झाला. त्यामुळे 'आत्मविश्वास वाढवा', 'स्वतःवर प्रेम करा' छापाच्या सल्ल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. आत्याचा आत्मविश्वास दारात शंभर टक्के होता आणि कागदावर शून्य. बदलला तो चुकीचा भाव. दारातली चूक दुपारी पुसली जाणार असते, फुकट असते. कागदावरची महाग.

आमच्या धंद्यात ही गोष्ट फार आधी कळली होती. फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये सांगून ठेवलं होतं की पहिली सिस्टीम फेकून द्यायचीच आहे असं धरून चाला, नाहीतरी ती फेकावीच लागते. (वीस वर्षांनंतरच्या आवृत्तीत त्याने हे मत स्वतःच दुरुस्त केलं, तो भाग वेगळा. पण दुरुस्ती अशी की एकदाच कशाला, थोडं-थोडं करत सतत बदलत राहा.) प्रॉडक्शनवर कोणी थेट प्रयोग करत नाही, त्यासाठी वेगळा सर्व्हर असतो, तिथे काहीही मोडा. कोड रिव्ह्यूही असतो, आणि तो हवाच. पण तो कोड लिहून झाल्यावर. प्रत्येक अक्षर टाइप करताना मागे उभं राहून कोणी 'हे काय नाव दिलंस व्हेरिएबलला' म्हणायला लागला तर आपण एक तर त्याला हाकलू, नाहीतर राजीनामा देऊ. डोक्यातल्या परीक्षकाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. त्याचं ज्ञान चुकीचं नसतं. तो फार लवकर येतो.

२००८ साली चार्ल्स लिम्ब आणि अ‍ॅलन ब्राउन या दोघांनी सहा जॅझ पियानोवादकांना स्कॅनरमध्ये झोपवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं होतं. पाठ केलेली धून वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना मेंदूत काय फरक पडतो ते बघायला. उत्स्फूर्त वाजवताना कपाळामागचा जो भाग आपल्या वागण्यावर लक्ष ठेवतो, त्यातलं काम मंदावलेलं दिसलं. सहाच माणसं, त्यामुळे यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे सहाही जण पट्टीचे वादक होते. परीक्षक त्यांच्याकडेही होताच, फक्त त्याला कधी बाहेर बसवायचं हे त्यांना जमलेलं होतं.

बाहेर बसवायचं कसं, याची दोन उदाहरणं मला फार आवडतात.

पहिलं रवींद्रनाथांचं. (त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस, हे आपल्या साताऱ्याला न्यायाधीश होते आणि १८९७ साली तिथूनच निवृत्त झाले. उगाच आपला सातारकर अभिमान! :-)) कविता लिहिताना रवींद्रनाथ खोडायचे खूप. नको असलेले शब्द काळे करता करता ते खाडाखोडीचे तुकडे एकमेकांना जोडायला लागले, आणि त्यातून चोचीचे पक्षी, विचित्र जनावरं, चेहरे तयार व्हायला लागले. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम असताना 'पूरबी'च्या वहीतली ही खाडाखोड व्हिक्टोरिया ओकाम्पोने बघितली आणि तिला ती कवितांइतकीच भावली. तिच्याच पुढाकाराने १९३० च्या मे महिन्यात पॅरिसला रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर! चित्रकलेची ग्रेड परीक्षा नाही, काही नाही. पुढे दोन हजारांवर चित्रं झाली. मला यात मोलाचं वाटतं ते हे की सुरुवात कोऱ्या कागदापासून नव्हती. चूक आधीच होऊन गेलेली होती. आता या चुकीचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरला होता. कोऱ्या पानापेक्षा खराब झालेलं पान फार सोपं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या मराठीतलंच, प्रभाकर बरव्यांचं. १९३६ साली नागावला जन्म, जे.जे.चं शिक्षण, मग बरीच वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी. म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार चित्रकार. बरवे डायऱ्या लिहायचे. त्यात शब्द आणि रेखाटनं शेजारी-शेजारी. घड्याळ, पान, शंख, कात्री अशा साध्या वस्तू, त्यांच्याबद्दल पडलेले प्रश्न, चित्राच्या कच्च्या कल्पना. त्या चिंतनाचं पुस्तक म्हणजे १९९० साली आलेलं 'कोरा कॅनव्हास'. चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेबद्दल मराठीत इतकं शांतपणे क्वचितच लिहिलं असेल. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात या डायऱ्याही मांडल्या होत्या. (त्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं भाषण मधेच थांबवल्याची बातमी सगळ्यांनी वाचली, डायऱ्यांबद्दल मात्र फार कमी लोक बोलले. असो.) बरवे १९९५ मध्ये गेले. म्हणजे ज्या पानांवर ते वर्षानुवर्षं स्वतःशी बोलत होते, ती भिंतीजवळ मांडली जाईपर्यंत ते या जगात नव्हते. वही त्यांची स्वतःची होती. तिला प्रेक्षक नव्हता.

काही जण म्हणतील, मग शिकायचंच नाही का? चुका गोंजारत बसायचं? मला तसं अजिबात म्हणायचं नाही. 'कलेत चूक नावाची गोष्टच नसते' हे वाक्य कार्यशाळांमध्ये फार ऐकू येतं आणि मला ते खोटं वाटतं. चूक असते. मांजराचा पाय पोटातून निघाला तर ती चूक आहे. पण परीक्षकाचं ऐकून जे काढलं जातं, ते बिनचूक असतं अशी जी समजूत आहे, ती त्या त्रिकोणी डोंगरापुढे टिकत नाही. त्या पोराला त्याच्या परीक्षकाने सपाट डोंगर खोडायला लावला. सपाट डोंगर बरोबर होता! परीक्षकाला डोंगर ठाऊकच नव्हता, त्याला फक्त डोंगराचं चित्र ठाऊक होतं. बेटी एडवर्ड्सने १९७९ च्या तिच्या प्रसिद्ध पुस्तकात हेच पकडलं. लहानपणी आपण डोळा, नाक, घर यांची चिन्हं पाठ करतो आणि मग मोठेपणीही समोरची वस्तू न बघता चिन्हच काढतो. तिचा उपाय मजेशीर आहे. ज्याची नक्कल करायची ते चित्र उलटं ठेवायचं. उलट्या चित्रात नाक कुठे आणि डोळा कुठे हे कळत नाही, त्यामुळे 'नाक असंच असतं' म्हणणारा गप्प बसतो आणि नुसत्या रेघा दिसायला लागतात. त्याहून जुना उपाय कागदाकडे न बघता काढायचा, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी हळूहळू फिरवायची. चित्र हास्यास्पद येतं, हमखास. पण आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू नीट बघितलेली असते.

माझं मत विचाराल तर वही घ्या ती शंभरपानी, किराणा दुकानातली. रेघांचीच घ्या, म्हणजे तिच्यात 'चित्र' काढायचं दडपणच येणार नाही. पहिल्या पानावर मुद्दाम चहा सांडा किंवा भाचराला गिरगटायला द्या. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीमागून रबर येतं आणि रबरामागून तो येतो. तारीख टाका, एखादं वाक्य लिहा, समोर असेल ते काढा, कुकर, हेल्मेट, झोपलेला रूममेट. दहा मिनिटांत पान उलटा. फोटो काढू नका, कुणालाच दाखवू नका, बायकोलाही नाही. महिन्याने वाटलं तर परीक्षकाला खुशाल बोलवा, तेव्हा त्याच्याकडून शिकण्यासारखंही बरंच असेल.

आत्याला मी आता कागद देत नाही. मागच्या दिवाळीत तिच्या भाचेसुनेने अंगणात पाटी आणि खडू नेऊन ठेवले, ओल्या फडक्यासकट. पाटीवर तिने आधी गोपद्मं काढली, मग घरची म्हैस, मग समोरचा डोंगर. डोंगर सपाट होता. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर हसून फडकं फिरवलं आणि चुलीकडे गेली.

आणि हो, पावसाळ्यात आमच्याकडे येणार असाल तर वहीबरोबर साधं बॉलपेन आणा. मेढ्याच्या दमट हवेत जेलपेनाची शाई फिसकटते. अर्थात ते तुम्हाला चालणार असेल तर जेलपेनच आणा.