निद्रिस्त यंत्राचे जागरण

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा अनेक भाग दिवसच्या दिवस विजेविना होते. अशा वेळी गिरीजमधील एखाद्या शिक्षकाने अर्धवट निकालपत्रकावर लॅपटॉपचे झाकण मिटले, तर ते काम टिकावे कसे?

लिनक्समध्ये झाकण मिटताच बहुधा ‘सस्पेंड’ होते. चालू काम रॅममध्ये राहते आणि रॅमला वीज अखंड लागते. बॅटरी संपली की न साठवलेले सारे गेले. ‘हायबरनेट’ तेच काम डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करते. मग आठवडाभर वीज नसली तरी बिघडत नाही. मात्र उबुंटूने २०१२ पासून ही सोय मुळातच बंद ठेवली आहे. काही यंत्रे पुन्हा जागीच होत नाहीत, हे कारण खोटे नव्हे. परंतु हा सावधपणा ज्यांची वीज जात नाही त्यांनाच परवडतो.

जुळणी अशक्य नाही. स्वॅपची जागा निदान रॅमइतकी हवी, आणि तिचा पत्ता ‘रिझ्यूम’ या सूचनेने कर्नलला आरंभीच द्यावा लागतो. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास कर्नल बहुधा नकारच देतो. हा खटाटोप कारकुनाने रात्री जागून का करावा? लिनक्सचे लॅपटॉप देणाऱ्या शाळा-कचेऱ्यांनीच तो करावा, आणि यंत्र एकदा झोपवून, उठवून पाहून मगच हाती द्यावे.