मागला आख तुटला

गेल्या खेपेला फुटव्हॉल्व्हची गोष्ट अर्धी राहिली होती. ती पुरी करावी म्हणून कागद पुढं ओढला, तोच धाकट्या बहिणीचा निरोप आला. "दादा, जीप रस्त्यात बसलीया. पोरगं खरं काय ते सांगंना. तुमीच या." तेव्हा फुटव्हॉल्व्ह आज राहू दे. आज मागल्या आखाचं सांगतो. ज्यांच्या दारात जीप, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे आणि घरात विशीतला पोरगा आहे, त्यांनी तरी हे वाचावंच.

बहिणीचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. जीप जुनी, डिझेलची. सकाळी दुधाचे कॅन डेअरीला पोचवते, दुपारी शेतावर भाकरी नेते, चैत्रात जोतिबाला सगळं घर घेऊन जाते. मागच्या साली सून अडली तेव्हा रात्री दोन वाजता हीच जीप तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण मोडला तो नुसता लोखंडाचा दांडा नव्हता.

जाऊन बघतो तर जीप नव्या डांबरी रस्त्याच्या कडेला. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, क्लच सोडला की आतून खरखर येई. भाचा म्हणाला, "मामा, नुसतीच चालली होती, खड्ड्यात आदळली." मी रस्त्याकडं बघितलं. खड्डा कुठं नव्हता. टायर घासून काळे पट्टे मात्र उठले होते, आणि पुढं पाव मैलावर चुन्याची रेघ मारलेली होती. मग त्यानं खाली मान घातली.

शर्यतीचा नाद आपल्या मातीतच आहे, त्याला मी पोराला काय बोलणार? बैलगाडीच्या शर्यतींवर २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये ती उठली, २०२३ मध्ये घटनापीठानंही मान्यता दिली, तेव्हा आमच्याकडं पेढे वाटले होते. पण त्या शर्यतीलासुद्धा आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नियम आहेत. मोटारींची सरळ रेषेतली शर्यत हा अमेरिकेतला खेळ. उभ्या गाडीनं सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी कापतो ते बघायचं. तिथल्या पोरांनीही तो आधी रस्त्यावरच सुरू केला होता. १९५१ साली त्याची संघटना झाली, नियम झाले आणि खेळ बंदिस्त पट्टीवर गेला. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याच्या पुढं अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. सरकारी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मात्र मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली गुन्हा आहे, कैदसुद्धा होऊ शकते. आणि शर्यतीत मोडलेल्या गाडीला विमा कंपनी पैसा देत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता आख का तुटला ते बघू. बैलगाडीचा आख जागचा हलत नाही. चाक त्याच्यावर फिरतं, आखानं फक्त वजन पेलायचं. मोटारीच्या मागल्या आखात पोकळ हौजिंग असतं, मध्ये डिफरन्शियलचा गोळा, आणि त्यातून दोन्ही चाकांकडं एकेक दांडा गेलेला. त्याला आम्ही मिस्त्री लोक हाफ शाफ्ट म्हणतो. ट्रकच्या शाफ्टला फक्त चाक फिरवायचं काम; वजन हौजिंगवर असतं, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. या जीपसारख्या हलक्या गाड्यांत बहुधा एकाच दांड्यानं वजनही पेलायचं आणि चाकही फिरवायचं. एका बैलाला नांगर आणि मोट दोन्ही जुंपल्यासारखं ते आहे.

पीळ किती बसतो त्याचा हिशेब ऐका. समजा इंजिनाचा पीळ १२ किलोग्रॅम-मीटर आहे. पहिल्या गिअरात तो सुमारे चौपट होतो, मागल्या क्राऊन-पिनियनवर आणखी पाचपट. झाले २४०. म्हणजे एक मीटर लांब पहार आडवी धरून तिच्या टोकाला दोन क्विंटल चाळीस किलो टांगले, एवढा पीळ. डिफरन्शियल तो दोन्ही शाफ्टांना निम्मा निम्मा वाटतं. हे झालं सावकाश चालवणाऱ्याचं. इंजिन भरारा फिरवून क्लचवरचा पाय एकदम काढला, की फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा हिसका त्यात मिळतो. टायर घसरला तर थोडा हिसका डांबरावर जातो. टायरनं घट्ट धरलं तर तो शाफ्टनंच सोसायचा.

एवढ्यानंही हा शाफ्ट कदाचित तुटला नसता. डिफरन्शियलचं तेल काढलं, झाकण उघडलं आणि मी तिथंच खाली बसलो. आतले लहान दाते वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवलेले! दोन्ही चाकं बरोबरच फिरावीत, एक जागेवर घसरत बसू नये म्हणून शर्यतवाले ही युक्ती करतात. भाच्यानं कोणाकडून तरी दोन महिन्यांपूर्वी ती करून घेतली होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

खळ्यात तिवड्याभोवती पात धरली की आतला बैल जागच्या जागी पाय टाकतो आणि कडेच्या बैलाला लांब लांब चालावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचं तेच होतं. बाहेरचं चाक जास्त धावतं, म्हणून तर डिफरन्शियल. ते चिकटवलं की प्रत्येक वळणावर एक चाक पुढं ओढतं, दुसरं मागं, आणि मधले दोन्ही शाफ्ट ओल्या धोतरासारखे पिळले जातात. गोठ्यातून बाहेर पडताना एक पीळ, डेअरीच्या बोळात दुसरा, पाणंदीत तिसरा. शिवाय शर्यतीत एक चाक कडेच्या खडीवर गेलं की दुसऱ्या शाफ्टवर २४० चा जवळजवळ सगळा भार. शाफ्ट शर्यतीत तुटला, पण तुटायला लागला तो दूध घालायला जाताना.

हे मी अंदाजानं सांगत नाही. तुटका तुकडा पुसून उन्हात धरला. तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर ओढ्याचं पाणी ओसरताना काठाला उमटतात तशा रेघा. उरलेला भाग साखरेच्या दाण्यासारखा चमकदार, खरबरीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, रोज थोडी थोडी आत सरकलेली. चमकदार भाग त्या रात्रीचा. तुमच्याकडं कधी शाफ्ट तुटला तर तुकडा भंगारात टाकण्याआधी एवढं बघा. सगळंच तोंड ताजं असेल तर एका दणक्यात गेला, काळं आणि ताजं असेल तर दुखणं जुनं, आणि त्याचं कारण सापडल्याशिवाय नवा शाफ्ट घालू नका.

शाफ्ट बेअरिंगच्या आतल्या बाजूला तुटला होता. बेअरिंग आणि पत्र्याची चकती यांनी चाक धरून ठेवलं. दोन बोटं बाहेर तुटला असता तर ड्रमसकट चाक सुटून गेलं असतं, आणि रेघेजवळ गावची बारकी पोरं बघायला उभी होती. काही अमेरिकन गाड्यांत शाफ्ट आतल्या टोकाला एका बारक्या क्लिपवर अडकवलेला असतो. त्यात तो कुठंही तुटला तरी चाक बाहेर निघतं, म्हणून वेगवान गाड्यांना तिथल्या शर्यतीत तशी रचना बदलावी लागते. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. कोण कोण पोरं तिथं होती तेवढं बोटांवर मोजत बसला.

कामाला लागताना पहिली गोष्ट: शाफ्ट तुटलेली गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर सोडू नका. गिअर धरत नाही, कारण तुटकी बाजू आतल्या आत मोकळी फिरते. जुन्या जीपचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागं असतो, तोही त्याच कारणानं धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी धोंडे लावा, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, लाकडी ओंडके द्या.

बाहेरचा तुकडा ड्रम काढल्यावर आला. आतला लांब तुकडा हौजिंगमध्ये अडकून राहिला. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतो तशी तारेचा फास करून तो ओढायला अर्धा दिवस गेला. मग हौजिंग रॉकेलनं दोनदा धुतलं, आतून लोहचुंबक फिरवला. कणसाच्या तुसासारखा लोखंडाचा चुरा निघाला. हा चुरा राहिला तर नवं बेअरिंग महिन्यात जातं. हौजिंगच्या माथ्यावर एक बारकं नळकांडं असतं, हवा जायला. ते चिखलानं बुजलेलं होतं. ते बुजलं की आत गरम होऊन दाब वाढतो, तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर येतं. तुमच्या गाडीचं आजच बघा, फुकटचं काम आहे.

आता नवा शाफ्ट. शेजारचा म्हणाला, वेल्डिंग मारून घ्या. नाही. शाफ्टची वरची साल तापवून कडक केलेली असते आणि गाभा चिवट ठेवलेला. वेल्डिंगची आग लागली की ती कडकाई जाते आणि शेजारीच नवी चीर धरते. दुसरा म्हणाला, उद्यमनगरात लेथवर नवा काढून घ्या. कोल्हापुरात लेथवर काय निघत नाही? छत्रपतींची मेबॅक गाडी अजून दसऱ्याला दिमाखात निघते, ती जपणारे हात याच गावचे. पण लेथवर आकार येतो, पाणी येत नाही. लोहार विळ्याला पाणी पाजतो तेव्हा कुठं धार टिकते, तसंच हे. शर्यतवाले शाफ्ट ईएन-२४ सारख्या निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचे करतात आणि भट्टीत नीट पाणी देऊन घेतात. साध्या सळईचा लेथवर काढलेला दांडा दिसायला तसाच, पण पहिल्या चढाला पिळतो. मी तयार, त्याच मापाचा शाफ्ट आणायला सांगितलं.

त्यावर भाचा म्हणाला, "मामा, मग जाडच घालूया की. परत तुटायला नको."

"आणि मग क्राऊनचे दाते जातील. ते जाड केलेस तर प्रोपेलरचा क्रॉस. तो केलास तर गिअरबॉक्स. कुठवर जाशील? तुझ्या आईच्या म्हशी किती?"

म्हशी चार. पैसे त्यांच्याच दहा दिवसांच्या बिलातून आणि बहिणीच्या भिशीतून आले. शाफ्ट एक नाही, दोन्ही बाजूंचे घेतले, कारण दुसऱ्या शाफ्टचे दाते सरळ राहिले नव्हते, दोरीसारखे किंचित तिरपे झाले होते. बेअरिंगं, सील, ब्रेकचे लायनर, आणि सगळ्यात महाग म्हणजे वेल्डिंग नसलेलं डिफरन्शियल. "एकच चाक फिरंल की मग," म्हणाला. फिरू दे म्हटलं.

बेअरिंग आणि त्याची कडी प्रेसवरच बसवून घ्या, हातोड्यानं नाही, आणि जुनी कडी पुन्हा वापरू नका. चाक धरून ठेवते ती हीच. सीलच्या ओठाला तेल लावा. ९० नंबरचं गिअर ऑइल गाडी सपाटीला उभी करून भोकातून ओघळेपर्यंत भरा, आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा बदला, राहिलेला चुरा त्यात निघतो.

एक गोष्ट मी आपल्या मनानं केली. शाफ्ट घालण्याआधी दोन्हींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. शर्यतवाल्यांचीच ही रीत. शाफ्ट पिळला की रेघ वळते, आणि ती खोटं बोलत नाही. भाच्याला रेघ दाखवली, का ओढली तेही सांगितलं.

परवा तेल बदलायला म्हणून त्यानं आपण होऊन डावा शाफ्ट बाहेर काढला आणि मला बोलावलं. बहीण पदर खोचून शेजारी उभी होती, तिनंच चिंध्यानं तो पुसला. रेघ सरळ होती. उजव्याचं सील उगीच खराब करायला नको म्हणून तो उघडला नाही.

फुटव्हॉल्व्हचं पुढल्या खेपेला नक्की.